धोंड्याचं तूप आणि मांडीतल्या भट्ट्या

आजवर कुणालाच न सांगितलेलं आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा चार गमती सांगेन आणि मूळ गोष्ट पोटातच ठेवून उठेन. शिरूरच्या बबन पैलवानाला नागपंचमीच्या कुस्तीआधी महिनाभर तालमीपासून लांब मी ठेवलं होतं. मी सांगितलं म्हणून तो बसून राहिला. नंतर त्याच्याच ओसरीवर चारचौघांत मला सरळ विचारलं गेलं, तेव्हा मी कानांवर हात ठेवले. दोष त्याच्या बायकोच्या माथी गेला आणि आजही तिथंच आहे.

संपादक फोनवर म्हणाले होते, ‘प्रयोगशाळेतले मजेदार अनुभव लिहा, दिवाळी आहे, हलकंफुलकं असू द्या.’ बरं. मजेदारही आहे त्यात. त्या मजेनंच तर डोकं फिरवलं.

मी पुण्यातल्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. हे सांगितलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मनगट पुढं करतात, ‘जरा शुगर बघता का?’ नाही बघत. मी स्नायू बघतो. माणसाच्या मांडीत पेन्सिलीएवढी जाड, पोकळ सुई घालून हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा काढतात. काढतात डॉक्टर. मी तो गोठवतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतो, काचेवर चढवून रंग देतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. सगळी उमेद या डाळीएवढ्या मांसात गेली.

बघायचं काय, तर स्नायूच्या धाग्यांमध्ये अतिशय बारीक कण असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. हा शब्द मी शिरूरच्या तालमीत एकदाच उच्चारला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मंत्र टाकतोय रं.” तेव्हापासून मी भट्ट्या म्हणतो. आपण खातो ते अन्न आणि श्वासातला प्राणवायू या भट्ट्यांत जळतो, त्यावर स्नायू चालतो. रोज दम लागेस्तोवर मेहनत केली की स्नायू नव्या भट्ट्या बांधतो. मेहनत थांबली की मोडायला घेतो. बांधायला आठवडेच्या आठवडे जातात, मोडायला फार वेळ लागत नाही. तूप हे जळण. मेहनत करणाऱ्यानं ते बरेच दिवस खाल्लं तर भट्ट्या तूप जाळायला सरावतात. बसून खाल्लं तर जळण नुसतं रचून राहतं आणि भट्ट्या विझत जातात. आम्ही कापांना जो रंग देत असू तो भट्ट्या दाट असतील तिथं गर्द निळा चढे, विरळ असतील तिथं फिका. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

त्या काळी हे नवं होतं. उंदरांवर दिसलं होतं, परदेशात थोड्याफार माणसांवरही. आमच्या डॉक्टरांना ते आपल्या माणसांवर आणि आपल्या तुपावर बघायचं होतं. त्यांनी दोन ठिकाणं निवडली. मेहनतीची माणसं शिरूरच्या तालमीतली आणि बसून काम करणारी दौंडच्या रेल्वे कचेऱ्यांतली. दोन्हीकडच्या निम्म्या माणसांना आमच्याकडून तुपाचा डबा मिळायचा. सुरुवातीला एक तुकडा काढायचा, काही आठवड्यांनी दुसरा. कागदावर इतकं सोपं होतं, की मी नोकरीला नवा असल्यामुळं खूशच झालो.

पहिला वैताग गोठवण्याचा. तुकडा काढल्या काढल्या गोठला नाही तर रंग धड चढत नाही. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो, तो त्या भागात मिळायचा फक्त गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रावर. वळूचं वीर्य ज्यात ठेवतात तसलाच ॲल्युमिनियमचा मोठा डबा त्यांनी आम्हाला वापरायला दिला. त्याचं झाकण उघडलं की पांढरा धूर निघे. असले डबे गावोगाव फिरत असल्यामुळं शेंबडं पोरसुद्धा त्याला ओळखत होतं, आणि मी तो घेऊन तालमीत शिरलो.

रामभाऊ वस्ताद, ज्यांना सगळी तालीम आबा म्हणे, कठड्यावर बसले होते. डबा बघून उठून उभे राहिले.

“हे काय आणलं?”

“आबा, यात पैलवानांच्या मांडीचा तुकडा ठेवायचा.”

“ह्यात वळूचं ठेवत्यात.”

“हा वेगळा आहे, स्वच्छ आहे.”

“आमच्या म्हशीच्या टायमाला असलाच आणला हुता. त्यो डाक्टरबी स्वच्छ म्हनत हुता.” मग पोरांकडं वळून, “बगा रं बाबांनो, पुढल्या साली दौंडच्या बाजारात तुमचं तोंडावळं घिऊन कालवडी फिरत्याल.”

अख्खी तालीम हसली. मी घामाघूम. डॉक्टरांनी स्वतःच्या मांडीवरचा व्रण दाखवला, त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हा कुठं एक गडी पुढं आला. तो बबन. बावीस-तेवीसचा, मान खांद्यात रुतलेली, कान कुस्त्यांनी मोडलेले. “आबा, मी देतो. डाळीयेवढं तर हाय.” त्याचं बघून बाकीचे आले. त्या पहिल्या फेरीत बबनच्या मांडीचा काप इतका गर्द निळा आला, की डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावून नुसतं “बघ” म्हटलं आणि बराच वेळ मला तिथून हलू दिलं नाही.

दुसरा वैताग दौंडचा. तालमीत निदान तूप खाण्याबद्दल शंका नव्हती. दौंडला बसून तूप खाणाऱ्यांपैकी आमचा मुख्य माणूस पार्सल ऑफिसातला बाबू होता, दिवसभर खुर्चीतून न उठणारा, प्रयोगाला अगदी लायक. मी डबा देऊन आलो. दर आठवड्याला विचारी, “चाललंय ना?” तो पोटावर हात फिरवून म्हणे, “रोज, रोज. वासानंच पोट भरतं.” आठवडे उलटल्यावर दुसरा तुकडा काढला तर पहिल्याचा जुळा भाऊ. डॉक्टर माझ्यावर उखडले, रंग बिघडवलास म्हणाले. मी पुन्हा केला. तेच. बरं, त्याच सुमाराला बाबूच्या मुलीचा साखरपुडा झाला आणि मलाही आग्रहाचं बोलावणं. ताटात बेसनाचा लाडू. एक घास घेतला आणि मला कळलं. साजूक तुपाच्या टंचाईच्या त्या दिवसांत असं तूप दौंडात दुसऱ्या कुणाकडं असायचं कारण नव्हतं.

“बाबू, हे आपलं तूप?”

“आपलंच की!” तो अजिबात न शरमता म्हणाला. “अहो, घरात मुलीचं कार्य असताना मी एकट्यानं तूप खाऊ? शोभतं का? तुम्ही आणखी एक घ्या.”

लाडू उत्तम झाले होते, हे कबूल करतो. पण आमचा आराम आणि तूप हा गट त्या परातीत गेला. बाकीच्या बाबूंनीही तेच केलं होतं. एकानं तूप बाळंतिणीला दिलं होतं, एकानं शनिवारी मारुतीच्या दिव्याला. विज्ञानासाठी कुणी एकट्यानं तूप खायला तयार नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, “मला आराम आणि तूप पाहिजे. माणूस शोध. आणि ऐक, मेहनत करणाऱ्याला थांबायला सांगायचं नाही हं, ते आपल्या परवानगीत बसत नाही. कुणी आपणहून थांबणारा असला तर बघ.”

त्या वर्षी आणीबाणी उठून थोडेच महिने झाले होते आणि अधिक श्रावण आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. बबनचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. सासुरवाडी दौंडची. सासरे, सगळे त्यांना तात्या म्हणत, लोको शेडमध्ये खलाशी होते, इंजिनांच्या भट्ट्या पेटत्या ठेवायच्या कामावर. पहिलाच अधिक महिना आणि पहिलाच जावई, म्हणून तात्यांनी लेक-जावयाला महिनाभरासाठीच बोलावलं. वस्तादांनी कुरकुरत परवानगी दिली, एका अटीवर. दौंडला रेल्वेच्या आखाड्यात रोज पहाटे मेहनत करायची. कारण अधिक संपला की पाचव्या दिवशी नागपंचमी. शिरूरच्या फडात त्या दिवशी रेल्वेच्या कुस्ती संघाचे कोच पैलवान बघायला येणार होते. खेळाडू म्हणून भरती होती. बबन निवडला गेला असता तर आयुष्यभराची नोकरी, आणि तीसुद्धा सासुरवाडीच्या गावात.

हे सगळं मला बबननंच दौंड स्टेशनवर सांगितलं, आनंदानं. आणि मी काय ऐकलं? बसून राहणारा माणूस, तूप, महिना. गोठवायचा डबा भरलेला होता. पहिला तुकडा काढलेला होता, तोही असा गर्द निळा. त्याच माणसाचा दुसरा फिका निघाला तर डॉक्टर माझी पाठ थोपटणार होते.

मी त्याला म्हणालो, “बबनराव, तुमचा स्नायू थकलाय. मी आत बघितलाय. एवढा महिना आराम करा, तूप जिरू द्या. पंचमीला असे ताजे उतराल की बघत राहतील.”

“आन् आबांनी सांगितल्याली मेहनत?”

“आबांना स्नायूच्या आतलं दिसतं का?”

हे वाक्य मी उच्चारलेलं आहे. उंदरांचं पळणं थांबवलं की त्यांचा निळा रंग कसा उतरत जातो हे मी स्वतःच्या हातानं रंगवून बघितलं होतं. मला अज्ञानाची सबबसुद्धा नाही.

तो पटकन मान्य झाला याचं मला तेव्हा नवल वाटलं, आज वाटत नाही. पोराच्या वयापासून पहाटे तीनला उठून जोर-बैठका मारणारा गडी होता तो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेला माणूस त्याला म्हणत होता, झोप.

तात्यांच्या क्वार्टरमध्ये मी दोनदा गेलो. दोन खोल्या, मागं शेडचा धूर. बबन कॉटवर आडवा, सासूबाई धोंड्यांवर तुपाची धार धरताहेत आणि तात्या कौतुकानं बघताहेत. “घ्या पाव्हणं, हात आखडू नगा. इंजनाला कोळसा आन् पैलवानाला तूप.”  त्या खलाशाला मी सांगू शकलो असतो, की तात्या, भट्टी विझत आली असताना कोळसा टाकून उपयोग काय? त्याला ते चटकन कळलं असतं. त्याचा सगळा जन्म तेच करण्यात चालला होता. म्हणूनच मी सांगितलं नाही.

बबनची बायको हिरा. अठराची असेल. माझ्यापुढं चहाचा कप ठेवला, तो आपटलाच म्हणा.

“सायेब, ह्यांना तालमीला जाऊ द्या की. मी पाटंचं उठवते तर म्हनत्यात, सुईवाल्या सायबांनी झोपाय सांगितलंय. आबांनी मला बजावून धाडलंय, पोरी, ह्याला उठवायचं काम तुझं.”

“एवढा महिना राहू द्या वहिनी. शास्त्राचं काम आहे.”

“शास्त्राचं काम हाय तर तुम्ही झोपा की. ह्यांची कुस्ती हाय.”

“हिरे!” तात्या ओरडले. बबन कॉटवरून हसला. मीही हसलो. त्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच होती आणि आम्ही तिघं पुरुष तिला गप्प करत होतो.

अधिक संपला त्या दिवशी डॉक्टरांनी दौंडला येऊन दुसरा तुकडा काढला. “आपणहून थांबला ना हा?” त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं. मी “हो” म्हणालो. प्रयोगशाळेत येऊन रंग दिला. निळा पार उतरलेला. तेलाचा वेगळा रंग दिला, तर धाग्यांमध्ये लाल थेंबच थेंब. जळण रचलेलं, भट्ट्या विरळ. डॉक्टर खूश झाले. “अरे, इतकं स्पष्ट मला वाटलं नव्हतं!” संध्याकाळी त्यांनी मला स्वतःच्या स्कूटरवर घरी सोडलं.

पंचमीला मी फडावर होतो. बबनची जोड नगरच्या एका काटक गड्याशी लागली होती, अंगानं बबनच्या पाऊणपट. कोच खुर्चीवर. सलामी झडली आणि बबननं पहिल्या झटक्यात पट काढून त्याला खाली घेतलं. लोकांनी फेटे उडवले. ताकद होतीच, ताकद अशी महिन्यात जात नाही. नगरचा गडी कसाबसा निसटला. पुन्हा बबननं दाबला, पुन्हा तो निसटला. तो नुसता वेळ काढत होता. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर बबनचं तोंड उघडं पडलं. पैलवान नाकानं श्वास घेतो, तोंड उघडलं की जाणकार ओळखतात. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. हात उचलला तर वर राहीना. वस्ताद कडेवरून ओरडत होते, “बबन्या, तोंड मीट! तोंड मीट!” नगरच्या गड्यानं सावकाश, जणू पोतं उलथवावं तसं त्याला चीत केलं. कोच उठून दुसऱ्या जोडीकडं बघायला लागले.

त्या सगळ्या गर्दीत, बबनचा दम नेमका कुठं संपला हे कळणारा मी एकटा होतो. तो संपलेला दम मी काचेवर बघितला होता.

दुसऱ्या दिवशी बबनच्या घरी गेलो. मांडीची जखम बघायला, असं स्वतःला सांगितलं. ओसरीवर बबन भिंतीला टेकून, शेजारी त्याची आई, समोर वस्ताद आणि दोन पैलवान. हिरा दाराच्या आत, चौकट धरून.

“या सुईवाले,” वस्ताद म्हणाले. “मांस नेलं, आता हाडं न्यायाला आलाव?”

“आबा, सुईनं कुस्ती जात नाही. तुमच्या या दोघांच्याही मांडीतून तुकडा काढला होता. ते काल जिंकले ना?”

हे खरं होतं. ते दोघं समोरच बसलेले. वस्तादांनी त्यांच्याकडं बघितलं, विचार केला. न्यायाचा माणूस होता तो.

“म्हंजी सुई न्हवं.”

“नाही.”

“खुराकबी रग्गड खाल्लाय. अंग सांगतंय.”

“हो.”

“मंग ऱ्हायलं काय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सुईवरचा आळ काढून मी काय करून बसलो होतो. पैलवानाच्या हरण्याची तालमीला कारणं दोन-तीनच ठाऊक असतात. त्यातलं एक मी नुकतंच पुसलं होतं.

बबनची आई म्हणाली, “म्हैनाभर नवी बायकू जवळ. लंगोटाचा पक्का हुता माझा ल्योक. हिचा पाय लागला आन्...”

“आत्याबाई, काय बी बोलू नगा!” हिरा चौकट सोडून बाहेर आली. सासूसमोर, वस्तादांसमोर. “सायेब, तुम्हीच सांगितलं न्हवं ह्यांना, तालमीत जाऊ नगा म्हनून? मी रोज उठवत हुते. सांगा की आता!”

वस्ताद माझ्याकडं वळले. “खरं का वो?”

मला माराची भीती नव्हती. माझी नोकरी कच्ची होती आणि डॉक्टरांना मी ‘आपणहून थांबला’ असं सांगितलेलं होतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधायला मला इतकी वर्षं मिळाली, सापडलं नाही.

मी म्हणालो, “मी कशाला सांगेन? पैलवानाला तालमीत जाऊ नको असं कुणी सांगतं का?”

हिरा माझ्याकडं बघत राहिली नाही. तिनं बबनकडं बघितलं. बबनला सगळं माहीत होतं. पण तो बोलला असता तर आबांची आज्ञा मोडून परक्याच्या शब्दावर महिनाभर झोपलो, हे आबांच्या तोंडावर कबूल करावं लागलं असतं. तो जमिनीकडं बघत राहिला. हिरा आत गेली.  मला चहा दिला बबनच्या आईनं. मी तो प्यालो.

पुढचं थोडक्यात. कोच दुसऱ्याच पैलवानाला घेऊन गेले. वस्तादांच्या सांगण्यावरून हिराला माहेरी धाडलं, बबनचा दम परत येईस्तोवर. तिच्या मागं ‘पांढऱ्या पायाची’ हे शेपूट लागलं. आणि बबननं पुन्हा मेहनत धरल्यावर दम आलाच, येणारच होता, भट्ट्या पुन्हा बांधल्या जातात. पण तालमीनं त्याचा अर्थ काय लावला असेल? बायको गेली, दम आला. मी रंगवलेल्या काचांइतकाच स्पष्ट पुरावा!

एकदा दौंड स्टेशनवर तात्यांनी मला गाठलं. अंगावर शेडचा काळा वेष, हातात डबा. “सायेब, तुम्ही शिकल्याली मान्सं. माझ्या पोरीचं नक्की काय चुकलं, एवढं सांगा.” मी म्हणालो, “तात्या, गाडी आली.” गाडी खरोखरच आली होती. मी चढलो.

दोन वर्षांनी बबननं कुस्ती सोडली, साखर कारखान्यात कामाला लागला आणि हिराला परत आणलं, असं ऐकलं. ऐकून मला हायसं वाटलं. मिटलं, असं मी ठरवून टाकलं. आमच्या कामाचं नाव झालं. व्याख्यानांत डॉक्टर त्या दोन काचा शेजारी शेजारी दाखवत, गर्द आणि फिकी. लोक टाळ्या वाजवत. मी पडद्याजवळ उभा राहून काचा बदलत असे. आता तर व्यायामशाळेत जाणारी पोरं मला येऊन विचारतात, ‘काका, तूप खाऊ का? एक महिना गॅप घेतला तर चालेल का?’ मी त्यांच्यावर इतका खेकसतो की ती पुन्हा येत नाहीत.

यंदा, सत्तावीस वर्षांनी, पुन्हा अधिक श्रावण आला. पंचमीच्या दिवशी सोलापूरहून परतताना दौंडला गाडी बराच वेळ थांबली, म्हणून पाय मोकळे करायला उतरलो. बाकावर एक बाई पिशवी घेऊन बसली होती. तिनंच हाक मारली.

“वळूचा डबा कुठाय?”

मी ओळखलं. केस पांढरे झालेले, नजर तीच.

“वहिनी, तुम्ही इथं? आज तर शिरूरला कुस्त्या.”

“म्हनून तर हितं. पोरगं खेळतंय माझं. त्याच्या कुस्तीच्या दिशी माझी सावली नगं घरात.”

“अजून? कोण पाठवतं तुम्हाला?”

“आता कोन पाठवायचं? सासू गेली, वस्ताद गेलं. मीच येती. पोरगं हरलं तर फिरून मीच की.” जरा थांबून म्हणाली, “मालक ष्टँडपतुर येत्यात सोडाय. पिशवी धरत्यात.”

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. मग मी सांगायला लागलो. बबन का हरला, आराम कुणी सांगितला, मी काय बघितलं होतं, ओसरीवर काय बोललो. भट्ट्या, निळा रंग, सगळं. तिनं मध्येच हात वर केला.

“सायेब, हे मला ठाऊकच हाय की. तवापास्नं ठाऊक हाय. मला कशापायी सांगताय?”

मी गाडीकडं बघितलं.

“तालमीत जाऊन सांगा. ह्यांच्या म्होरं आन् माझ्या पोराच्या म्होरं. मला जीव लावतं वो पोरगं, पन फडावर जाताना पाया पडत न्हाई, लांबनंच जातं. त्याला तालमीनं तसंच शिकवलंय.”

मी “येतो” म्हणालो. गाडीनं शिट्टी दिली. तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पहिल्यांदाच हसली. “जावा. तुमची गाडी येतीच येळंवर.”

श्रावण गेला, भाद्रपद गेला, मी हे लिहीत बसलो. शिरूरला गेलेलो नाही. दोनदा बसमध्ये चढलो. एकदा कोरेगाव भीमाला उतरून उसाचा रस प्यालो आणि परत आलो. हिरा दिवाळी अंक वाचत नाही. तालमीतही कुणी वाचत नसेल. तेव्हा हे छापून आल्यानं काहीही फिटत नाही, हे मला नीट माहीत आहे.

शिरूरच्या तालमीत उभं राहून, बबनसमोर आणि त्याच्या मुलासमोर, मी एवढं सांगणं लागतो: पंचमीची ती कुस्ती गेली ती मी बबनला महिनाभर बसवून ठेवलं म्हणून, त्याला रोज पहाटे उठवत होती ती एकटी हिरा.